सरांचा रुमाल

"चपला काढा की राव," गेणभाऊ म्हणाले. "पायाळू मानसाचा पाय उघडा जमिनीला लागला पायजे. त्याबिगर पाणी सापडत नाय."

सुदर्शनने चपला काढल्या. ढेकळं तापून निखारा झाली होती, पण पायाळू माणसालाही चटका बसतो हे गिऱ्हाइकाला दिसून चालत नाही, म्हणून त्याने चेहरा कोरा ठेवला. पिशवीतून नारळ काढला, शेंडी बोटांनी नीट केली. लोणीच्या शिवारात तो पहिल्यांदाच आला होता. मंचर मागे पडलं तसा ऊस विरळ झाला आणि इथे तर बाजरीची धसकटं आणि बोरीबाभळी एवढंच उरलं. अशा गावात पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याला जावयासारखा मान असतो.

"आमचे थोरले बंधू आलेत मंचरवरनं," गेणभाऊंनी लिंबाकडे बोट केलं. "मास्तर व्हते. त्यांचा इश्वास न्हाई असल्या गोष्टीवर. म्हनलं, या आन एकदा डोळ्यानं बगा."

लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, खिशाला पेन. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि सुदर्शनकडे पाहिलं. ते त्याला शिकवलेले वाळुंज सर होते.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सुदर्शनला वाटलं. पण लोणीची धरणी बोअरच्या गाडीलाही सुखासुखी वाट देत नाही, तिथे त्याला काय देणार. तो नारळ हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"या पावणं," सर म्हणाले. "उन्हातनं आलात. पाणी घ्या."

सर त्याला 'अहो-जाहो' करत होते. ओळखलं नाही, की ओळखूनही ओळख दाखवली नाही, हे त्याला कळेना. गेणभाऊंच्या सुनेने, अक्षदाने, तांब्या आणून दिला.

सुदर्शन पायाळू होता, म्हणजे जन्मताना डोक्याआधी त्याचे पाय बाहेर आले होते. पिंपळवंडीत अशा माणसाला जन्मतःच दोन खाती मिळतात: कमरेत भरलेली उसण लाथ मारून काढणे, आणि जमिनीतलं पाणी दाखवणे. त्याच्या आईने, ठकूबाईने, ही बातमी अशी काही पसरवली होती की शाळेत नाव घालायच्या आधीच पोराने निम्म्या गावाच्या कमरेत लाथा घातल्या होत्या. पुढे नारळही त्याच्या हातावर उभा राहू लागला. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ चालता चालता शेंडी वर करून ताठ व्हायचा आणि लोक त्या जागी दगड ठेवायचे.

अकरावीत ही कीर्ती वाळुंज सरांच्या कानावर गेली. ते फिजिक्स शिकवायचे. सरांनी चेष्टा केली नाही. एक नारळ आणला आणि अख्खा वर्ग मैदानावर नेला. उघड्या डोळ्यांनी सुदर्शन चालला तेव्हा नारळ दर वेळी एकाच जागी, गुलमोहराजवळ, उभा राहिला. मग सरांनी खिशातला पांढरा रुमाल त्याच्या डोळ्यांवर बांधला, त्याला जागच्या जागी गरगर फिरवलं आणि सोडून दिलं. नारळ एकदा खो-खोच्या खांबाशी उभा राहिला, एकदा भर मैदानात, एकदा भलत्याच कोपऱ्यात. गुलमोहर लांब राहिला. पोरं फिदीफिदी हसली. सरांनी स्वतः गाठ सोडली आणि विचारलं, "काय शिकलास?"

"मी मुद्दाम करत नव्हतो सर." सुदर्शन रडकुंडीला आला होता.

"माहीत आहे. तू नाही करत, तुझा हात करतो. जिथं पाणी असेल असं तुला वाटतं, तिथं हात केसभर कलतो, नारळातलं पाणी हिंदकळतं, त्याचा तोल बदलतो. आणि हे सगळं हात तुला न विचारता करतो. अरे, याच्याहून मोठी गंमत सांग मला एखादी."

त्या दिवशी पायाळूची मिरवणूक संपली, पण सुदर्शनला त्याचं वाईट वाटलं नाही. आपल्याच हाताचं गुपित आपल्याला कुणीतरी सांगितलं, या आनंदात तो कितीतरी दिवस तरंगत होता. घरातल्या प्रत्येक वस्तूकडे तो संशयाने पाहू लागला. कुकरची शिट्टी, मोटारीचा स्टार्टर, माठातलं गार पाणी, सगळ्यांच्या पोटात काहीतरी चाललंय आणि ते आपल्याला कळू शकतं. फिजिक्स घ्यायचं हे त्याने तिथेच ठरवलं.

घेतलंही. एम.एस्सी. झाला, बी.एड. झाला, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसल्या की मोटारसायकल उभी करून बघत बसायचा. मग एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागला. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार, आणि उन्हाळ्यात तुम्ही कोण आणि आम्ही कोण. तरी वर्गात शिरला की तो सुखी असायचा. पुढे तुकडीच कमी झाली, त्याचे तास बंद झाले आणि जागा निघतील म्हणून वाट बघण्यात तिशी उलटली. मुलीकडचे लोक यायचे, 'नोकरी काय?' विचारायचे आणि चहा अर्धा ठेवून उठायचे.

मग त्याने पाणी शोधायचं एक जुनं मशीन घेतलं. जमिनीत चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून करंट सोडायचा आणि आतल्या दोन सळयांवर व्होल्टेज मोजायचं. ओली जमीन करंट सहज जाऊ देते, कोरडा खडक अडवतो. हे फिजिक्सच होतं आणि स्वतःचं होतं. पण लोक म्हणायचे, "मशीन चालू द्या तुमचं, पन जाता जाता नारळ बी फिरवा. पायाळू हायेत ना तुमी?" एकदा फिरवला, दोनदा फिरवला. नारळ बरोबर मशीनने दाखवलेल्या जागीच उभा राहायचा. राहणारच; हाताला रीडिंग माहीत होतं.

पुढे मशीनचा बोर्ड जळाला. ते बंद मशीन तो काही दिवस नुसतंच मिरवत राहिला. कुणी विचारलं नाही, तसं ते घरीच राहायला लागलं. आता फक्त नारळ होता.

हे सगळं सरांना माहीत नव्हतं. दर गुरुपौर्णिमेला सुदर्शन त्यांना फोन करायचा. एका वर्षी सरांनी विचारलं, "परमनंट झालास का रे?" आणि त्याच्या तोंडून "हो सर" निघून गेलं. सर इतके खूश झाले की मागे फिरायची सोय राहिली नाही. मग त्या नोकरीला पुण्याचं एक कॉलेज मिळालं, नंतर लॅब मिळाली, आणि लॅबमध्ये हुशार पोरंही आली. सर प्रत्येक वेळी त्या पोरांची चौकशी करायचे. आता तेच सर लिंबाखाली बसले होते आणि त्यांचा प्राध्यापक अनवाणी, हातात नारळ घेऊन, त्यांच्याच वावरात उभा होता.

"करा सुरू," गेणभाऊ म्हणाले.

सुदर्शन चालू लागला. बांधाला एक उंबर होता. उंबराखाली पाणी असतं असं सगळेच म्हणतात, आणि त्याच्या हाताने मघाशीच उंबर हेरून ठेवला होता. आठ-दहा पावलं उरली असताना नारळ चुळबुळायला लागला. आजवर शंभरदा हे झालं होतं. आज मात्र पाठीवर सरांची नजर होती, आणि त्याला स्वतःचीच अशी शिसारी आली की तो मध्येच थांबला.

"एखादा रुमाल मिळंल का?"

"घाम पुसायला?" गेणभाऊंनी विचारलं.

"डोळ्याला बांधायला."

अक्षदाने लगेच मोबाइल वर धरला. गेणभाऊ बघतच राहिले. खुर्ची करकरली. सर उठले, ढेकळांतून सावकाश चालत आले आणि खिशातला पांढरा रुमाल त्यांनी त्याच्यापुढे धरला. सुदर्शनने मान वर न करता तो घेतला.

त्याने आपल्याच हाताने रुमाल कचकचून बांधला. काय होणार हे त्याला ठाऊक होतं. नारळ चार दिशांना चार ठिकाणी उभा राहील, गेणभाऊ शिव्या घालतील, अक्षदाचा व्हिडिओ गावोगाव फिरेल आणि संध्याकाळपर्यंत त्याचा हा धंदा बसेल. बसला तर बसू दे. मैदानावरचं ते शिकवणं आपण विसरलेलो नाही, एवढं एका माणसाला कळलं तर पुरे होतं. तोंडाने कबूल करायची छाती नव्हती, म्हणून तो नारळाच्या तोंडून कबूल करणार होता.

"मला गरगर फिरवा आन सोडा," तो म्हणाला. "दर खेपंला."

गेणभाऊंनी फिरवलं. नारळ पहिल्यांदा उभा राहिला तो गोठ्याच्या मागे. दुसऱ्यांदा वावराच्या मधोमध. तिसऱ्यांदा ओढ्याच्या कडेला, चौथ्यांदा पार वाटेवर. उंबराकडे तो फिरकलाही नाही. सुदर्शन हात खाली घेऊन थांबला आणि हसण्याची वाट बघू लागला.

कुणी हसलं नाही. मग जवळून गेणभाऊंचा आवाज आला, आणि तो गहिवरलेला होता. "चार झरं! आरं, एका वावरात चार झरं! पाणाडे लई बगितले, पन डोळं बांधून चार जागा दावनारा हा पयलाच!"

"गेणभाऊ, तसं नाय," सुदर्शन कळवळून म्हणाला. "जरा ऐका माझं. उघड्या डोळ्यानं एकीकडं, बांधल्यावर भलतीकडंच, याचा अर्थ नारळाला काय कळत नाय. मलाबी कळत नाय. हात हलतो नुसता."

"बगा! ह्याला म्हनत्यात देवमानूस. एवढी इद्या अंगात, पन मोठेपना म्हनून घेनार नाय. अक्षदा, ह्येबी घेतलं का व्हिडिओत?"

"घेतलं मामंजी."

सुदर्शन गाठ सोडू लागला, पण ती निघेना. तेवढ्यात मागून दुसरी बोटं आली. म्हातारी, सावकाश, बामाचा वास येणारी.

"अरे, किती घट्ट बांधलीस," सर अगदी हळू म्हणाले.

त्या 'अरे'बरोबर सुदर्शनला हुंदका आला. सरांनी त्याला पहिल्या नजरेतच ओळखलं होतं आणि चारचौघांत त्याची लाज राखली होती. रुमाल सुटायच्या आधीच ओला झाला होता. सरांनी तो सोडून त्याच्या हातात दिला आणि गेणभाऊंना म्हणाले, "घामाघूम झालेत पावणं. मी गाडीपर्यंत सोडून येतो."

गेणभाऊ दगड ठेवण्यात गुंतले होते. दोघं चालत मोटारसायकलीपाशी आले.

"सर, ते पुण्याचं कॉलेज..."

"राहू दे ते. मशीन होतं ना तुझ्याकडं? गेणा म्हणत होता, पूर्वी मशीनवाले होते म्हणून."

"बंद पडलंय सर. बोर्ड गेला."

"दुरुस्त नाही केलास?"

"कुनी विचारलंच नाय सर."

सर लांब ओढ्याकडे बघत राहिले. "मी विचारतोय," ते म्हणाले. "दुरुस्त कर आणि घेऊन ये. या वावराचा नीट सर्व्हे करू, तू आणि मी. सळया मी धरतो. तोवर गेणाला मी थांबवतो."

"रुमाल धुऊन आणतो सर."

"आण."

परतीच्या वाटेवर सुदर्शनने नारायणगावात बोर्डाला लागणारा भाग घेतला. घरी येऊन मशीन उघडलं, अंगणात बाज टाकली आणि सोल्डरिंगचं पेन तापवलं. इतके महिने ज्याला हात लावायचा धीर झाला नव्हता, ते काम दिवेलागणीच्या आत संपलं. जळालेला एवढासा तुकडा तळहातावर घेऊन त्याला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मग त्याने परसात सळया ठोकल्या. कोरड्या बाजूला काटा पार वर चढला. मोरीचं पाणी जातं तिथे, अळूच्या बाजूला, खाली आला. त्याने पुन्हा जागा बदलून पाहिली. काटा पुन्हा खरं बोलला.

"आये, हे बघ! हितं ओल हाय, बरोबर दावतंय!"

"तितं मोरीचं पानी जातंय," ठकूबाई ओसरीवरून म्हणाली. "त्ये मला इचारायचं. मशीन कशाला लागतंय?"

तो मोकळेपणाने हसला. असं हसून त्याला किती काळ लोटला होता कोण जाणे. ठकूबाई पोराकडे बघत राहिली आणि तिने कढईत आणखी एक पळी तेल टाकलं, कारण त्याला भजी आवडायची. त्याने रुमाल साबणाने धुतला, वाळत घातला, आणि सकाळी इस्त्री करून चौकोनी घडी घातली.

मशीन कॅरिअरला बांधत असतानाच फोन वाजला.

"पाणी लागलं राव!" गेणभाऊ ओरडत होते. मागे बोअरच्या गाडीची घरघर चालली होती. "गाडी शेजारच्या वावरात आलीच व्हती. म्हनलं, आता कशाला थांबायचं. पयल्या दोन जागी नुसता फुफाटा उडला. पन तिसऱ्या जागी, ओढ्याच्या कडंला, लागलंच! तुमचं पाय धुऊन पानी प्यावं असं काम केलंत. थांबा, बंधूंना बोलायचंय."

फोनवर थोडा वेळ घरघरच ऐकू आली.

"गेणाने ऐकलं नाही रे," सर म्हणाले. "आयुष्यभर वावर त्याने केलं. मी नुसता पेन्शनीचा माणूस, माझं कोण ऐकतं. ओढ्याच्या कडेला पाणी लागायचंच, ते आंधळ्यालाही..." ते मध्येच थांबले. "मशीन चालू झालं का तुझं?"

"झालं सर."

"काटा हलला?"

"हलला सर. बरोबर दाखवतंय."

"बरं झालं. फार बरं झालं." सरांचा आवाज ओला झाला. "मी आजच मंचरला जातो. तब्येतीला जप."

'घेऊन ये' असं ते आता म्हणाले नाहीत, आणि 'येऊ का' असं त्यालाही विचारवलं नाही. सर्व्हे करायला वावरात आता उरलं काय होतं? पाणी तर लागलं होतं.

सुदर्शन दोरी सोडायला लागला तोच पुन्हा फोन वाजला.

"धामणीवरनं रखमाजी बोलतोय. डोळं बांधून पाणी दावनारे पायाळू तुमीच ना? व्हिडिओ आलाय आमच्या ग्रुपवर."

"मी मशीनवर बघतो," सुदर्शन म्हणाला. "मशीन आणतो."

"मशीन नगं राव. मशीनवाल्यानंच आमची मागची बोर कोरडी घालवली. तुमी त्यो डोळं बांधायचा परकार करा. घरची समदी बगायला थांबलीत, आजच या."

पलीकडून रखमाजी "हॅलो, हॅलो" करत होते. मशीनही कधी चुकतं, हे खोटं नव्हतं. ते कधी आणि का चुकतं हे त्याला सांगता आलं असतं. पण ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. घरात पीठ संपत आलं होतं आणि ठकूबाईचा गुडघा रात्ररात्र ठणकत होता.

"येतो," तो म्हणाला.

त्याने मशीन कॅरिअरवरून उतरवलं आणि घरात नेलं. सरांचा रुमाल खिशातून काढला, क्षणभर हातात धरला, आणि मशीनचं झाकण उघडून आत, सळयांच्या शेजारी ठेवला. झाकण लावून खोकं खाटेखाली सारलं. मग नारळ पिशवीत टाकला.

"आये, एखादं जाड फडकं हाय का गं?"

"कशाला रं?"

"डोळ्याला बांधायला."

ठकूबाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. गाठोड्यातलं जुनं लाल लुगडं काढून तिने एक पट्टी टराटरा फाडली, दोन पदर केले आणि त्याच्या डोक्याला लावून मापाला पुरते का ते पाहिलं. लहानपणी टोपडं शिवताना पाहायची तसंच.

"दिसतंय का काय?" तिने विचारलं.

"नाय," सुदर्शन म्हणाला. "चालंल हे."